पाइप नंतर, आधी ब्रॅकेट दाखवा

सावंतवाडी तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडं आटोपशीर करून देतो:

"आमची काजूची आणि आंब्याची बाग गावापासून आत, कातळावर आहे. जायला पाणंद आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मध्ये पावसाने खणलेल्या चरी. पाच दारांची मारुती जिम्नी घेतली ती याच वाटेसाठी. गेल्या महिन्यात वहाळ ओलांडून वर चढताना मागचं चाक चरीत गेलं, गाडी डावीकडे कलली आणि दरवाजाखालचा भाग, म्हणजे सिल, थेट चिऱ्यावर बसला. सिल आत चेपलाय, मागचा दरवाजा लावताना खालून घासतो. आता काहीतरी संरक्षण हवंच. तीन पर्याय समोर आहेत. ॲक्सेसरीच्या दुकानात स्टेनलेस स्टीलचे साइड स्टेप ९ हजारांत मिळतात. बोल्टवर बसणारे रॉक स्लायडर, म्हणजे दगडाचा मार झेलणारे दाराखालचे जाड पाइप, २८ हजारांना पडतात, तेही मागवावे लागतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक फॅब्रिकेटर म्हणतो, १५ हजारांत थेट चॅसीला, म्हणजे गाडीखालच्या पोलादी चौकटीला, वेल्डिंग मारून देतो, जन्मात निघणार नाही. ह्यांचा कल वेल्डिंगकडे आहे. सासूबाईंना चढायला पायरीही हवी आहे. काय घ्यावं? आणि आरटीओ, विमा यांचं काही लचांड तर होणार नाही ना?"

ताई, बोल्टचे स्लायडर घ्या. पण २८ हजार देण्याआधी विकणाऱ्याकडून ब्रॅकेटचे, म्हणजे पाइप चॅसीला धरून ठेवणाऱ्या जोडांचे, फोटो मागवा आणि ते नीट बघा. जाहिरातीत पाइपच दिसतो, काळा, जाड, चकचकीत. गाडी चिऱ्यावर आपटते तेव्हा मात्र सगळा भार पाइपातून ब्रॅकेटात, ब्रॅकेटातून बोल्टात आणि बोल्टातून चॅसीत जातो. या साखळीत पाइप क्वचितच आधी हार मानतो.

साइड स्टेपचा विषय लगेच संपवतो, कारण तो तुमच्या कामाचाच नाही. साइड स्टेपवर भार वरून येतो, माणसाच्या पायाचा. स्लायडरवर तो खालून येतो आणि गाडीच्या वजनाचा असतो. दुकानातल्या बहुतेक साइड स्टेपचे ब्रॅकेट वरून येणाऱ्या भारासाठी बनवलेले असतात, आणि बऱ्याचदा ते चॅसीला नव्हे, बॉडीच्या पत्र्याला जोडलेले असतात. खालून दगड लागला की असा पाइप वर दुमडतो आणि ज्या सिलला वाचवायचं त्यातच घुसतो. काही नसतं तर सिलला नुसता पोचा पडला असता. साइड स्टेप असला की पोच्यासोबत दरवाजाही अडकतो. तुमच्या पाणंदीसाठी ९ हजारांची ही वस्तू फुकट मिळाली तरी बसवू नका.

तुमच्याच गाडीला हे संरक्षण का लागतं, तेही बघा. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २२५० मिलिमीटर आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचा २५९०. मधली ही ३४० मिलिमीटरची वाढ मागच्या सीटवर बसणाऱ्यांना सुखाची असली, तरी उंचवटा ओलांडताना पोट टेकतं ते तिच्यामुळेच. तीन दारांच्या गाडीचा रॅम्प ब्रेकओव्हर कोन, म्हणजे चाकांच्या मधला भाग न टेकता जेवढा तीव्र उंचवटा पार होतो त्याचं माप, २८ अंश आहे. तुमच्या गाडीचा २४. पुढचा आणि मागचा कोन उत्तम आहे, त्यामुळे नाक आणि शेपूट सुटतात आणि मधला भाग सापडतो. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

म्हणून पहिली अट अशी की स्लायडर चॅसीच्या खालच्या पातळीपेक्षा खाली लोंबता कामा नये. स्लायडर तीन सेंटीमीटर खाली उतरला तर त्या २४ अंशांतले अडीचेक अंश गेले म्हणून समजा. गाडी वाचवायला लावलेली वस्तूच मग पहिल्यांदा टेकायला लागते. फोटो मागवताना गाडीच्या बाजूने, जमिनीच्या उंचीवर कॅमेरा ठेवून काढलेला मागा. वरून काढलेल्या देखण्या फोटोत हे कळत नाही.

आता ब्रॅकेट. जिम्नी ही थार आणि गुरखासारखीच लॅडर चॅसीची गाडी आहे. खाली पोलादी चौकट आणि तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली बॉडी. गाडी वाकड्यातिकड्या जमिनीवर चालते तेव्हा बॉडी आणि चॅसी एकमेकींच्या मानाने थोड्या हलतात, आणि तशा हलाव्यातच म्हणून ते बुश दिलेले असतात. स्लायडर फक्त चॅसीला जोडलेला हवा, बॉडीला त्याचा कुठेही स्पर्श नको. स्लायडर आणि सिल यांच्यात साधारण दोन सेंटीमीटरची फट दिसली पाहिजे. बॉडी माउंटचेच बोल्ट काढून त्याच जागी अडकवायचे म्हणून काही किट मिळतात. बसवायला सोपी असल्यामुळे ती खपतातही. ती नकोत. रबरी बुशाच्या जोडीला गाडीच्या वजनाचा धक्का देणं म्हणजे बॉडीची बैठक बिघडवणं.

थोडं गणित करू, म्हणजे दुकानदाराशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल. तुमच्या गाडीचं रिकामं वजन १२०० किलोच्या आसपास. एका बाजूचा भार धरा ६०० किलो. स्लायडरची बाहेरची कड चॅसीपासून ३५ सेंटीमीटर लांब आहे असं मानू. पाइपाला चॅसीशी जोडणाऱ्या आडव्या आधारांना पाय म्हणतो; दगड बरोबर अशा एका पायाखाली आला, आणि दगड आपल्या सोयीने तीन पायांत भार वाटून देत नाही, तर त्या एका पायाला ६०० गुणिले ०.३५ म्हणजे २१० किलोग्रॅम-मीटरचा पीळ बसतो. बाहेरचं टोक वर जायला बघतं, ब्रॅकेटच्या प्लेटची वरची कड चॅसीत रुतते आणि खालची कड चॅसीपासून सुटायला बघते. खालच्या आणि वरच्या बोल्टमध्ये ६ सेंटीमीटरच अंतर असेल तर खालच्या बोल्टवर साडेतीन हजार किलोची ओढ येते. तेच अंतर १२ सेंटीमीटर केलं की ओढ निम्मी होते. हे गाडी हळूच टेकली तेव्हाचं. चरीतून आदळली तर आकडा याच्या कितीतरी पुढे जातो.

८.८ ग्रेडचा (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) १२ मिलिमीटरचा एक बोल्ट वाकडा न होता सुमारे पाच टन ओढ सोसतो. १० मिलिमीटरचा साडेतीन टनांच्या जवळ थांबतो. तेव्हा बोल्ट १२ चे मागा. पण बोल्ट टिकला तरी चॅसीचा पत्रा त्या बोल्टभोवती बाहेर ओढला जाऊ शकतो, आणि ते नुकसान बोल्ट तुटण्यापेक्षा वाईट. बोल्ट बदलता येतो, चॅसी नाही. म्हणून बोल्टच्या पलीकडच्या अंगाला नुसता वॉशर पुरत नाही, भार पसरवणारी जाड पट्टी हवी. ब्रॅकेटची प्लेट ६ मिलिमीटरची, उभी लांब, शक्य असेल तर खालून वळून चॅसीच्या तळालाही टेकणारी, म्हणजे एल आकाराची. खालून आलेला धक्का मग फक्त बोल्टवर न येता लोखंडावर लोखंड टेकून सरळ चॅसीत उतरतो. तळाच्या बाजूला बोल्टचं डोकं मात्र बाहेर आलेलं नको, पहिल्याच चिऱ्यावर ते घासून गोल होईल आणि पुढे पाना लागणार नाही.

चॅसी आतून पोकळ असते, ही गोष्ट घाईत विसरली जाते. लांब बोल्ट आरपार घालून करकचून आवळला की पेटीच्या दोन्ही भिंती आत चेपतात. त्या क्षणी बोल्ट घट्ट वाटतो, पण भिंती थोड्या थोड्या बसत जातात आणि महिन्याभरात तो सैल होतो. आरपार बोल्ट असेल तर आत पोलादी नळीचा तुकडा, गॅरेजात ज्याला स्लीव्ह म्हणतात तो, असायलाच हवा. दुसरी चांगली पद्धत म्हणजे नट एका पट्टीवर वेल्ड करून ती पट्टी चॅसीच्या मोठ्या भोकातून आत सरकवायची आणि बाहेरून बोल्ट लावायचा. चांगल्या किटमध्ये अशा पट्ट्या येतात. विक्रेत्याला विचारा, "आत काय आहे? स्लीव्ह की नटपट्टी?" या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही तर तो माल सोडा.

कंपनीने ठेवलेल्या भोकांचाच वापर करणारं किट मिळालं तर उत्तम, नवीन ड्रिल मारावं लागत नाही. मारावंच लागलं तर चॅसीच्या उभ्या भिंतीच्या मध्यावर, वरच्या किंवा खालच्या अंगाला कधीच नाही. चॅसी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या पत्र्यावर असतो, मध्यावर तो सगळ्यात कमी. ड्रिलच्या आधी पलीकडे हात घालून बघायला सांगा, कारण ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग चॅसीच्या कडेनेच जातात. भोक पाडून झालं की कडेला झिंक प्रायमर आणि आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण. कोकणात हे टाळलं तर गंज आतून लागतो आणि बाहेरून दिसतो तोवर उशीर झालेला असतो.

वेल्डिंगला माझा विरोध आहे त्याचं मोठं कारण हाच गंज. जोड म्हणून वेल्डिंग मजबूत असतं, यात तुमच्या यजमानांचं काही चुकत नाही. कसलेल्या कारागिराने मारलेला सांधा सैल होत नाही, खडखडत नाही, पाना फिरवावा लागत नाही. पण चॅसीला कारखान्यात आतून-बाहेरून जो रंगाचा थर बसवलेला असतो, तो वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूनेही जळतो. बाहेरून रंग मारता येतो, आत ब्रश पोचत नाही. सिंधुदुर्गातला पाऊस आणि खारी हवा यांत तो जळलेला पट्टा सगळ्यात आधी पोखरला जाईल. शिवाय सांध्याशेजारचं लोखंड तापून थंड झाल्याने त्याचे गुण बदलतात आणि तडा जातो तो बहुतेकदा तिथेच. बोल्टचा स्लायडर वाकला तर काढून दुसरा लावता येतो. वेल्डिंगचा वाकला तर ग्राइंडरने कापावा लागतो, चॅसीला पुन्हा आच लागते. "जन्मात निघणार नाही" हे त्या फॅब्रिकेटरने अभिमानाने सांगितलं असेल, पण स्लायडर मार खाण्यासाठीच असतो आणि मार खाणारी वस्तू निघायला हवी.

त्या फॅब्रिकेटरला मात्र सोडू नका असं सुचवेन. उद्यमनगरात पाइप वाकवणारे आणि वेल्डिंग करणारे हात चांगले आहेत. त्याला म्हणा, तुमचं सगळं वेल्डिंग स्लायडरवर करा, माझ्या चॅसीला फक्त बोल्ट लावा. ब्रॅकेटचं मोजमाप वर सांगितलं तसं दिलंत तर तयार किटच्या तोडीचं काम तो करू शकेल आणि तुमच्या गाडीवर प्रत्यक्ष मापं घेऊन करेल. पाया आणि प्लेट जिथे मिळतात तिथे त्रिकोणी गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधार देणारी प्लेट, हवं आणि सांधा चारही बाजूंनी पूर्ण भरलेला हवा, टाके मारल्यासारखा तुटक नाही. एका बाजूला किमान तीन पाय. पाच दारांच्या लांबीला दोन पाय पुरत नाहीत, मध्ये पाइप लवतो.

पाइपबद्दल दुकानात दोन-तीन शब्द कानावर येतील. ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल वाकवून उभा सांधा मारलेला पाइप. सीमलेसला सांधा नसतो. सीडीडब्ल्यू म्हणजे सांधा मारून मग थंड अवस्थेत ओढून काढलेला, मापात नेमका आणि ताकदीला चांगला. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला नीट जाडीचा ईआरडब्ल्यू पुरतो, सीमलेसच्या नावावर जास्तीचे पैसे देऊ नका. जाडी महत्त्वाची. ४० एनबीचा (एनबी म्हणजे पाइपाच्या आतल्या व्यासाचं नावापुरतं माप) पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाचा असतो. भारतीय मानकात त्याची मध्यम जात ३.२ मिलिमीटर जाड, जड जात ४ मिलिमीटर. तुम्हाला मध्यम जात योग्य. बाहेरून बघून जाडी कळत नाही आणि टोकांना टोप्या लावलेल्या असतात, म्हणून वजनकाटा वापरा. ३.२ जाडीच्या पाइपचं वजन मीटरला साडेतीन किलोच्या थोडं वर भरतं, २ मिलिमीटरवाल्याचं सव्वादोनच्या आसपास. तुमच्या गाडीला बाहेरच्या दुसऱ्या पाइपासह पूर्ण जोडी ब्रॅकेट धरून ४० किलोच्या जवळपास यायला हवी. वीस-बावीस किलोची जोडी "हेवी ड्युटी" म्हणून दाखवली तर तो साइड स्टेपच आहे, फक्त काळा रंगवलेला.

आणि उलट बाजूने ८० किलोची जोडीही नको. तुमच्या जिम्नीचं परवानगी असलेलं एकूण वजन १५४५ किलो आहे. रिकाम्या गाडीचं वजा केलं की माणसं आणि सामान मिळून साडेतीनशे किलोही उरत नाहीत. चार मोठी माणसं बसली की २८० गेले, ४० किलोचे स्लायडर लागले की मागे काजूबियांचं अर्धं पोतं ठेवण्याइतकीच जागा राहते. हंगामात तुम्ही बागेतून माल आणत असाल, तेव्हा हा हिशोब घरात बसून एकदा नक्की करा.

ॲल्युमिनियमचे स्लायडर हलके म्हणून कोणी सुचवेल. खडकावर ॲल्युमिनियम सोलून निघतं आणि घसरण्याऐवजी धरून ठेवतं, आणि तुमचा जांभा तर कानशीसारखा खरखरीत. लोखंडच बरं. गोल पाइप दगडावरून चौकोनीपेक्षा सहज सरकतो. चौकोनी खालून येणाऱ्या भाराला जास्त ताठ असतो, पण त्याची कड चिऱ्याच्या खाचेत अडकते. जांभ्यावर मी गोलच घेईन.

मागच्या बाजूला बाहेरचा पाइप थोडा फुगीर असतो, त्याला किकआउट म्हणतात. गडग्यांच्या पाणंदीत तो तुम्हाला फार उपयोगी पडेल. वळताना मागचं चाक आतून कापतं आणि गाडीची कूस गडग्याला घासायला जाते, तेव्हा किकआउट दगडाला टेकून मागचा भाग बाहेर ढकलतो. पण तो चाकावरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानीच्या रेषेबाहेर आलेला नको. बाजारात, स्टँडजवळ, दुचाकीवाल्याच्या पायाला तो लागला तर मोठी इजा होईल. दोन्ही टोकं आत वळलेली आणि बंद असावीत.

रंगाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पावडर कोटिंग दिसायला सुंदर, पण एकदा दगडाने सोललं की त्याच्या कडेखाली पाणी शिरतं, कोटिंग वरून शाबूत दिसतं आणि आत गंज पसरत जातो. घासली जाणार हे ठरलेल्या वस्तूला इपॉक्सी प्रायमर आणि वर साधा काळा इनॅमल लावा. पावसाळ्याआधी आणि नंतर ब्रशने घरी डाग भरता येतात. पाइपाला तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं ठेवायला सांगा. पूर्ण बंद पाइपातही दमट हवा शिरतेच आणि मग पाणी आतच साठतं.

बसवण्याच्या दिवशी शक्यतो समोर उभ्या राहा. काही मिस्त्री खडखडाट होऊ नये म्हणून ब्रॅकेट आणि चॅसीच्या मध्ये रबराची शीट घालतात. प्रेमाने करतात, पण चुकीचं आहे. रबर दबत जातं आणि बोल्टचा ताण निघून जातो. जाड पावडर कोटिंगही तसंच दबतं, म्हणून जिथे लोखंडाला लोखंड टेकतं त्या पृष्ठावर फक्त प्रायमरचा पातळ हात हवा, आणि बसवून झाल्यावर कडेने सीलंटची रेघ. कोकणात बोल्ट गंजतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट लावतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. नेहमी मिळणारे स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचे असतात. डोक्यावर ८.८ कोरलेला, झिंक चढवलेला बोल्ट घ्या, दोन्ही अंगांना जाड सपाट वॉशर आणि वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा नट. तो नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही. १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला किटवाल्याने वेगळं सांगितलं नसेल तर ८० ते ८५ न्यूटन-मीटरचा टॉर्क, तोही टॉर्क पान्यानेच. लांब पाइप अडकवून अंदाजाने आवळलेला बोल्ट ताणून आधीच निम्मा संपलेला असू शकतो. आवळून झाल्यावर प्रत्येक नट आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मारून घ्या. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, हे तुम्हाला वाकून बघताच कळेल. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर आणि मग दर पावसाळ्यानंतर पुन्हा टॉर्क तपासून घ्यायचा.

पैसे चुकते करण्याआधी एक परीक्षा घ्या. सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, पलीकडच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडीत कोणी नको, खाली कोणाचा हात नको. स्लायडरच्या मधल्या पायाजवळ पाइपापासून सिलपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. मग पाइपाखाली ट्रॉली जॅक लावून हळूहळू उचला, त्या बाजूची चाकं जमिनीवरून सुटू लागेपर्यंत. आता पुन्हा मोजा. फट काही मिलिमीटरने कमी होईल, ते ठीक. गाडी उतरवा आणि तिसऱ्यांदा मोजा. पहिला आकडा परत आला पाहिजे. नाही आला तर काहीतरी कायमचं वाकलं आहे किंवा सरकलं आहे, आणि आत्ता सपाट जमिनीवर झालं ते चरीत नक्की होणार. उचललेल्या अवस्थेत दोन्ही दरवाजेही उघडून-लावून बघा. विकणारा या परीक्षेला नाही म्हणाला तर त्याचा स्वतःच्या मालावर विश्वास नाही.

सासूबाईंच्या पायरीसाठी स्लायडर खाली घेऊ नका, हे आग्रहाने सांगतो. दोन पाइपांच्या मध्ये वरून जाळी किंवा चेकर्ड प्लेट मारून घ्या, त्याने पाय ठेवायला रुंद जागा मिळेल. नुसत्या गोल पाइपावर पावसातली चिखलाची चप्पल घसरते आणि त्या वयात पडणं परवडणारं नाही. तरीही ती पायरी उंचच राहील. गाडीत एक बुटकं, रुंद बुडाचं लाकडी स्टूल ठेवा आणि कोणीतरी हात द्या.

कायद्याचं बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील आणि कंपनीने ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. चॅसीला वेल्डिंग करणं हा बदल नाही असं कोणालाही पटवता येणार नाही. गाडीची रुंदी न वाढवणारा, पान्याने निघणारा स्लायडर त्या मानाने सुरक्षित बाजूला राहतो, पण तो नियमात बसतोच असा शब्द मी देणार नाही. सावंतवाडीच्या लोकांना आरटीओचं काम कुडाळजवळ ओरोसला जाऊन करावं लागतं. पुढच्या वेळी गेलात की किटचं चित्र दाखवून विचारा. विमा कंपनीला बसवल्यावर ईमेल करा, बिल आणि फोटो जोडा, आणि उत्तर येईल ते जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरशीही हे आधीच बोला.

स्लायडर सिल वाचवतो, बाकी काही नाही. तुमच्या वाटेवर चरीच्या मधला उंचवटा वाढत असेल तर एक दिवस डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे चाकांच्या आसावरचा गिअरचा फुगवटा, टेकेल, तिथे स्लायडरचा उपयोग शून्य. मे महिन्यात चार गाड्या जांभ्याची खडी टाकून त्या चढावरच्या चरी भरून घेणं हा स्लायडरइतकाच चांगला खर्च आहे. वहाळातून वर येताना फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा संथ गिअर, लावा, एकाला खाली उतरून डावीकडून वाट दाखवू द्या. स्लायडर टेकला तर घाबरून ॲक्सिलरेटर दाबू नका. टेकू द्या, मग चालण्याच्या वेगाने त्याच्यावरून सरकू द्या.

सगळ्यात आधी मात्र तो चेपलेला सिल सरळ करून घ्या, स्लायडर लागल्यावर तिथे हातोडा पोचणार नाही. डेंटरला नुसती पुटी भरून रंग मारू देऊ नका. पत्रा ओढून बाहेर काढायला सांगा, मागचा दरवाजा घासायचा थांबला की काम झालं. सिलच्या तळाशी कंपनीने पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, चेपताना ती बुजली असतील तर मोकळी करून घ्या आणि आत वॅक्स मारून घ्या. दरवाजा नीट लागायला लागला की मगच फॅब्रिकेटरला मापं घ्यायला बोलवा.